ज्याची बोटं, त्याची कळ

मराठी भाषेत ‘कळ’ या शब्दाइतका सोशिक शब्द दुसरा नसेल. यंत्राची दाबायची ती कळ, पोटात उठते ती कळ, मुकाट्याने सोसायची ती कळ, आणि वेळ जात नसला की शेजाऱ्याची काढायची तीसुद्धा कळच! कॉम्प्युटरच्या कीबोर्डला ‘कळफलक’ हे नाव ज्याने दिलं, तो माणूस नुसता विद्वान नव्हता. त्याने या फलकावर निदान आठवडाभर काम केलेलं असणार. शंभर-सव्वाशे कळा एका फळीवर मांडून ठेवायच्या आणि त्या माणसाच्या दहा बोटांत सोडून द्यायच्या, यात यंत्रविद्या कमी आणि कर्मविपाक जास्त आहे.

या कळांविषयी मला आज भांडायचं आहे. भांडण सभ्य आहे, पण भांडण आहे हे आधीच सांगून ठेवतो. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: ज्याची बोटं, त्याची कळ. म्हणजे चित्रं, पत्रिका आणि फ्लेक्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवायचा हक्क त्या कळेवर दिवसाचे आठ तास बोट आपटणाऱ्या माणसाचा आहे. मालकाचा नाही, क्लासवाल्या सरांचा नाही, आणि सातासमुद्रापलीकडे बसून ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं त्या विद्वानांचा तर नाहीच नाही. त्यांनी ना आमचा फडके रोड पाहिलेला, ना पाडव्याच्या आदल्या रात्री साडेदहा वाजता ‘फक्त दोन फोटो वाढवायचेत’ म्हणून आलेला कार्यकर्ता.

मी राहतो डोंबिवलीला आणि पोटासाठी जातो ठाण्याला. गेली वीस-बावीस वर्षं लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, दुकानांच्या पाट्या आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करतो आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या चौकाचौकांतून जी हात जोडलेली माणसं तुमच्याकडे बघून हसतात, त्यांतल्या कित्येकांच्या डोक्यामागचं आभाळ मी निळं केलेलं आहे. तेव्हा या विषयावर बोलायचा मला जातिवंत अधिकार आहे, असं मी समजतो.

शॉर्टकट म्हणजे काय, हे डोंबिवलीकराला समजावून सांगणं म्हणजे माशाला पोहण्याचं पुस्तक भेट देणं. आमचं सगळं आयुष्यच शॉर्टकटवर चाललेलं आहे. दादरला पुलाच्या बरोबर पायरीसमोर उतरायचं तर डोंबिवलीच्या फलाटावर कुठल्या खांबाशी उभं राहायचं, हे आम्हाला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. बसायला जागा मिळावी म्हणून मुंबईला जाणारा माणूस आधी उलट्या दिशेने कल्याणला जातो आणि तिथून खिडकीत बसून परत येतो. भूगोलाच्या मास्तरांना हा लांबचा रस्ता वाटेल. पायांना विचारा, हाच जवळचा! आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचा खांब वेगळा. दादरला उतरणाऱ्याचा वेगळा, घाटकोपरवाल्याचा वेगळा. उद्या जर रेल्वेने हुकूम काढला की सर्व प्रवाशांनी शिस्त म्हणून एकाच खांबाशी उभं राहावं, तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. कीबोर्डवर नेमका हाच हुकूम चालू आहे.

आता उदाहरण देतो. आमच्या धंद्यात चार सॉफ्टवेअरं मुख्य. कोरल ड्रॉ, फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन. या चौघांत ‘कंट्रोल’ धरून ‘डी’ दाबा. कोरलमध्ये निवडलेल्या वस्तूची दुसरी प्रत निघते. फोटोशॉपमध्ये तुम्ही पाच मिनिटं खपून केलेली निवड सुटते. इनडिझाइनमध्ये ‘कुठली फाइल आणून ठेवू?’ म्हणून खिडकी उघडते. आणि इलस्ट्रेटर आधी केलेली सरकवासरकवी पुन्हा एकदा करतो. एक कळ, चार नवरे! आमच्या इमारतीत जिन्यात उभं राहून ‘अहो!’ अशी हाक मारली की चार मजल्यांवरचे चार गृहस्थ दार उघडतात आणि चौघांच्याही चेहऱ्यावर वेगवेगळी भीती असते, तसलाच प्रकार.

हे तरी परवडलं. ‘कंट्रोल-क्यू’ची गोष्ट ऐका. मराठी पत्रिका छापखान्यात धाडण्यापूर्वी अक्षरांचं रूपांतर नुसत्या रेषांत करून टाकावं लागतं. कारण आपल्याकडचा मराठी फॉन्ट छापखान्यातल्या मशीनवर असेलच असं नाही, आणि तो नसला म्हणजे ‘चि. सौ. कां.’च्या जागी चौकोन, फुल्या आणि रोमन अक्षरांची भेळ छापून येते. मुलीकडची मंडळी असल्या विनोदाला हसत नाहीत. म्हणून कोरलमध्ये काम संपलं की ‘कंट्रोल-क्यू’ दाबायचं. अक्षरांच्या रेषा होतात. आमच्या लाइनीतल्या माणसाचं हे संध्यावंदन आहे, झोपेत उठवलं तरी बोट तिथेच जाईल. आता हाच माणूस इलस्ट्रेटरवर जाऊन बसला आणि त्याने भक्तिभावाने ‘कंट्रोल-क्यू’ दाबलं, तर काय होतं? तिथे ‘क्यू’ म्हणजे चालते व्हा! सगळं सॉफ्टवेअर गाशा गुंडाळून निघतं. जाता जाता ‘फाइल ठेवू की टाकू?’ एवढं विचारण्याचा सभ्यपणा त्याच्यात आहे, म्हणून अजून कुणी छातीला हात लावून खुर्चीतून पडलेलं नाही.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तो सॉफ्टवेअरवाल्यांनीच देऊन ठेवलेला आहे, हे विशेष. फोटोशॉपमध्ये २००३ सालच्या सीएस आवृत्तीपासून ‘एडिट’च्या यादीत तळाशी ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ म्हणून एक दालन आहे. तिथे जायचं, हुकूम निवडायचा, आपल्याला हवी ती कळ दाबायची आणि ‘आजपासून हे तुझं नाव’ म्हणून बारसं उरकायचं. ती कळ आधीच कुणाच्या नावावर असेल तर तसं बजावलंही जातं. आपली सगळी मांडणी आपल्या नावाने वेगळी साठवता येते. इनडिझाइन तर त्याहून सोज्ज्वळ. त्याची मूळ मांडणी तो तुम्हाला बिघडवूच देत नाही. तिची नक्कल करून देतो आणि म्हणतो, हिच्यावर काय प्रयोग करायचेत ते करा. इतकंच काय, पेजमेकर आणि क्वार्कवरून आलेल्या माणसांची बोटं गोंधळू नयेत म्हणून त्या सॉफ्टवेअरांच्या शॉर्टकटांची मांडणीसुद्धा इनडिझाइनने तयार ठेवली होती. म्हणजे बोटांना सवयी असतात आणि त्या सवयींना मान द्यावा, हे तत्त्व खुद्द बनवणाऱ्यांना मान्य आहे. मान्य नाही ते आमच्या गल्लीतल्या शहाण्यांना.

या शहाण्यांचा पहिला पक्ष म्हणजे ‘जसं आलंय तसं वापरा’ पक्ष. हे लोक नवीन सोफ्यावरचं प्लॅस्टिक दहा वर्षं काढत नाहीत. ‘कंपनीने विचार करूनच दिलं असेल ना?’ हा यांचा आवडता युक्तिवाद. विचार केला असेल, पण कुणाचा? चार कळा एकदम दाबल्या की फोटोशॉप वेबसाठी चित्र साठवतं: कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस. करंगळी एकीकडे, अंगठा दुसरीकडे आणि मधलं बोट निराधार. याला शॉर्टकट म्हणत असाल तर शीर्षासनाला विश्रांती म्हणायला हरकत नाही. दिवसातून एकदा करायचं काम असेल तर ठीक. चाळीसदा करायचं असेल तर संध्याकाळी त्या हाताने लोकलचा दांडा धरायचा कसा? डोंबिवलीकराचा हात हा नुसता कमावण्याचा अवयव नाही, लोंबकळण्याचाही आहे!

या पक्षाला मी स्वयंपाकघरात घेऊन जातो. प्रत्येक घरातला मिसळणाचा डबा आठवा. सात वाट्या, मोहरी कुठे, हळद कुठे, जिरं कुठे हे त्या घरच्या बाईच्या हाताने ठरवलेलं असतं. तेल तापलं की न बघता हात बरोबर मोहरीवर जातो. डबा बाजारातून आला तेव्हा त्याच्यावर ‘मोहरी डावीकडे’ अशी कंपनीची सूचना नव्हती. आता एखाद्या दिवशी सासूबाईंनी प्रेमाने डबा घासला आणि वाट्या आपल्या पद्धतीने लावल्या, तर त्या रात्री त्या घरात जे होतं त्याला महाभारतकारांनी अठरा पर्वं दिली आहेत. हीच गोष्ट शिंप्याच्या कात्रीची, न्हाव्याच्या वस्तऱ्याची. शिशाच्या खिळ्यांवर छपाई होत असे तेव्हा मराठी जुळाऱ्यापुढे शेकडो खणांची पेटी असायची, आणि तो तोंडाने गप्पा मारत बोटांनी जोडाक्षरं उचलायचा. हत्यार ज्याच्या हातात, मांडणी त्याची, हा कारागिरीचा जुना कायदा आहे. कॉम्प्युटर आला म्हणून तो रद्द झाल्याचं राजपत्र मी तरी वाचलेलं नाही.

दुसरा पक्ष जास्त भारदस्त आहे. कारण त्याच्याजवळ मुद्दा आहे. हा मालकपक्ष. तो म्हणतो, ‘तू तुझ्या कळा लावशील आणि उद्या रजेवर जाशील. मग तुझ्या मशीनवर दुसरा बसला आणि त्याने कळ दाबली की भलतंच झालं, तर जबाबदार कोण? सगळीकडे एकच पद्धत पाहिजे. शिस्त म्हणून काही आहे की नाही?’

मुद्दा बरोबर वाटतो, नाही? मलाही वाटला असता. पण मी मराठी टायपिंग पाहिलेलं आहे. रेमिंग्टन ही मुळात बंदुका बनवणारी अमेरिकन कंपनी. तिने १८७४ साली शोल्सचं टंकलेखन यंत्र बाजारात आणलं. त्यांच्या नावाची मांडणी मराठीत येऊन इतकी मुरली, की टायपिंग क्लासात तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा दिलेली माणसं यंत्र भंगारात गेलं तरी तीच मांडणी कॉम्प्युटरवर वापरत राहिली. मग १९८६ साली सरकारने सर्व भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी आणली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अगदी तर्कशुद्ध काम. पुढे तिसरी तऱ्हा आली: रोमन अक्षरांत बोलल्यासारखं टाइप करायचं आणि यंत्राने देवनागरी उमटवायचं. आज एकाच ऑफिसात रिटायरमेंटला आलेले हेडक्लार्क रेमिंग्टनवर, मधल्या बाई इनस्क्रिप्टवर आणि कालचा पोरगा रोमनमधून, असे तिघे तीन तऱ्हांनी एकच ‘महाराष्ट्र’ लिहितात. आणि गंमत म्हणजे युनिकोडमध्ये लिहिलेला तो ‘महाराष्ट्र’ तिघांच्या मशीनवर सारखाच दिसतो! वाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही की तो कुठल्या बोटाने लिहिला.

कळीचा मुद्दा आहे तो इथेच. एकसारखेपणा पाहिजे तो मालात. तो बोटांत कशाला? जुन्या मराठी फॉन्टांचं उलटं होतं. प्रत्येक फॉन्ट आपल्या मनाने अक्षरांना क्रमांक द्यायचा, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की मराठीची तामिळनाडू एक्सप्रेस व्हायची. तिथे शिस्त हवी होती, ती युनिकोडने आणली. पण फाइल बरोबर, रंग बरोबर, कागदाचं माप बरोबर असलं, तर ते करताना माझ्या करंगळीने काय केलं ही माझ्या करंगळीची खाजगी बाब आहे. राहता राहिला रजेचा प्रश्न. आपली मांडणी वेगळ्या नावाने साठवलेली असते. रजेवर जाताना, किंवा दुसरा बसल्यावर, यादीतून मूळ मांडणी निवडली की मशीन पुन्हा कुमारवयात. आणि आपली फाइल पेनड्राइव्हवर घालून खिशात टाकली की दुसऱ्या दुकानात जाऊन तिथेही संसार थाटता येतो. मालकांनी आपल्या खुर्चीची उंची बदलून घेतलेली असते, हे या ठिकाणी नम्रपणे नमूद करतो. त्यांच्या खुर्चीत दुसरा बसला तर त्याचे पाय लोंबकळतात. त्यावर कुणी शिस्तीचं परिपत्रक काढलेलं नाही.

तिसरा पक्ष आमच्याच बाजूचा, आणि म्हणून जास्त धोक्याचा. हे वेगाचे वारकरी. माझा एक भाचा कल्याणला असतो. त्याने महिनाभर खपून एकूणएक हुकमांना स्वतःच्या कळा लावल्या. त्या कळांचा रंगीत तक्ता केला, तो भिंतीवर लावला, त्याचे फोटो मित्रांना पाठवले. त्या महिन्यात त्याने केलेलं एकमेव डिझाइन म्हणजे तो तक्ता. हे असं झालं, की पायांना व्यायाम म्हणून सायकल घ्यायची आणि महिनाभर तिला कल्हई करत बसायचं.

वेगाचं खरं गणित काय आहे, ते पंडितांनी मोजून ठेवलेलं आहे. कार्ड, मोरान आणि नेवेल या तिघांनी १९८० साली यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या हालचालींचे सेकंद मांडले. सरासरी सरावलेल्या टायपिस्टाला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद. माउस नेमक्या जागी न्यायला १.१. कीबोर्डवरून हात उचलून माउसवर ठेवायला ०.४. आता हिशेब करा. हात माउसवर नेला, मेनूवर गेलो, दाबलं, आतल्या हुकमावर गेलो, दाबलं, हात परत आणला: साधारण साडेतीन सेकंद. तेच काम दोन कळांत अर्ध्या सेकंदाच्या आत. म्हणजे दर हुकमामागे तीन सेकंद वाचले. दिवसाला असे सहाशे हुकूम धरले, आणि फ्लेक्सवाल्याचे सहज होतात, तर अठराशे सेकंद, म्हणजे रोजचा अर्धा तास!

पण याच तिघांनी आणखी एक आकडा दिला आहे, तो वारकरी मंडळी सांगत नाहीत. ‘आता काय करावं’ म्हणून मनाची तयारी करायला माणसाला १.३५ सेकंद लागतात. कळ आठवायला विचार करावा लागला की वाचवलेल्या वेळातला बराचसा तिथेच खर्ची पडला. ॲपलमध्ये काम केलेले ब्रूस टॉग्नाझिनी तर म्हणायचे, की लोकांना कीबोर्ड वेगवान ‘वाटतो’. घड्याळ लावलं तर माउस जिंकतो, कारण कळ आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या लक्षातच येत नाही. बरेचजण हे वाक्य माझ्या तोंडावर फेकतात. मी ते झेलून परत फेकतो. अहो, हेच तर मी म्हणतोय! दुसऱ्याने लावलेली कळ आठवावी लागते. आपली आपण, आपल्या बोटाच्या सोयीने लावलेली कळ आठवावी लागत नाही. आपल्या घरातलं दिव्याचं बटण अंधारात सापडतं. पाहुण्याच्या घरी भिंतभर हात फिरवावा लागतो.

म्हणून माझा कार्यक्रम लहान आहे. एका कागदावर आठवडाभर टिंबं करा: कुठल्या हुकमासाठी तुम्ही मेनूत किती वेळा शिरलात. आठवड्याच्या शेवटी पहिले दहा निवडा. दहाच, बोटंही तितकीच आहेत. त्यांना कीबोर्डच्या डाव्या बाजूला जागा द्या, म्हणजे उजवा हात माउसवरून हलायला नको. डावखुरे असाल तर उलट करा. तुमच्यासाठी कुणीच कधी काही केलेलं नाही, निदान तुम्ही तरी करा. दहा कळांची चिठ्ठी पडद्याच्या कडेला डकवा, पंधरा दिवसांनी फाडून टाका. आणि जिथे बदलू देतात तिथे ते ‘कंट्रोल-क्यू’ आधी काढून घ्या. लहान मुलं असलेल्या घरात माचिस वर ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

काही कळांना मात्र हात लावू नका, हे मी स्वतःहून सांगतो. नक्कल, चिकटव, मागे फिर आणि साठव. लॅरी टेसलर नावाच्या गृहस्थाने आपल्या सोबत्यांबरोबर सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कापा-चिकटवाची रीत घडवली. पुढे ॲपलमध्ये झेड, एक्स, सी आणि व्ही या खालच्या ओळीतल्या सख्ख्या शेजारणींना ही कामं मिळाली. २०२० साली टेसलर गेले तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यांची बातमी त्यांच्याच पद्धतीने एकमेकांना चिकटवली. या कळा गावच्या पाणवठ्यासारख्या सार्वजनिक आहेत. आपल्या परसातली विहीर हवी तिथे खणा, पाणवठा हलवू नका.

आता शेवटचं आणि मुख्य. वाचलेला अर्धा तास कुणाचा?

आमच्या डोंबिवलीत एका डीटीपीच्या दुकानात एक बाई काम करायच्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपली आपणच दहा-बारा कळा लावून घेतल्या. हात असा चालायचा, की चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे फ्लेक्सवर टाकून, सगळे निवडून, कोरलमध्ये एक ‘टी’ दाबला की चाळीस कार्यकर्ते एका रेषेत! पक्षाला जे कधी जमलं नाही, ते या बाई एका बोटाने करायच्या. त्यांना घाई होती ती संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत पोरीला घ्यायची. रोजचा अर्धा तास वाचला, काही दिवस पोरगी वेळेवर घरी गेली. मग मालकांच्या ध्यानात आलं की बाईंचं काम साडेसहालाच संपतं. त्यांनी कौतुक केलं आणि रोजच्या दोन पत्रिका वाढवल्या. पगार तोच. बाईंनी एक शब्द विचारला, तर दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या सगळ्या कळा पूर्ववत केलेल्या. ‘मशीन माझं आहे’, हा युक्तिवाद! मशीन त्यांचं होतं हे खरंच. पण अर्धा तास मशीनमध्ये नव्हता हो, तो बाईंच्या बोटांत होता. बाई बोटं घेऊन गेल्या. आता घरी स्वतःच्या कॉम्प्युटरवर काम करतात, नगावर पैसे घेतात, आणि पोरगी शेजारी बसून चित्रं रंगवते. मालक त्या खुर्चीसाठी अजून माणूस शोधताहेत. शिस्तीचा पाहिजे म्हणे.

आम्हा या पट्ट्यातल्या लोकांना वाचवलेल्या वेळाचा हा इतिहास नवा नाही. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ती वेळ वाचवायलाच. १९१६ साली पारसिकचा डोंगर पोखरून बोगदा काढला आणि मुंब्र्याचा वळसा टाळला, तोही वेळ वाचवायलाच. आणि बोगद्यात वाचवलेली मिनिटं आमच्या लोकलने कित्येक वर्षं दिव्याच्या फाटकाशी उभी राहून चुकती केली! वेळ वाचवणारे वेगळे आणि खाणारे वेगळे, हा अनुभव आमच्या हाडात मुरलेला आहे. म्हणून मी कळांचं भांडण एवढ्या तावातावाने भांडतो. तीन-तीन सेकंद गोळा करून एखाद्या माणसाने अर्धा तास साठवला असेल, तर तो त्याच्या घामाचा आहे. त्याने त्यात पोरीला आणावं, सहा अठ्ठावन्नऐवजी सहा अठ्ठावीस पकडावी, नाहीतर गणपतीच्या देवळासमोर उभं राहून नुसतं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघावं. अधिक काम हवं असेल तर अधिक दाम मोजा. एवढं साधं व्यवहाराचं गणित कळायला कुठल्याही पंडिताची गरज नाही.

तेव्हा मालकहो, मशीन तुमचं, वीज तुमची, भिंतीवरचं घड्याळसुद्धा तुमचंच. पण दहा बोटं ज्याची त्याने घरून आणलेली आहेत, आणि संध्याकाळी तो ती परत घेऊन जाणार आहे. त्यांची उगाच कळ काढू नका. काढलीत, तर ती सोसायची पाळी तुमची!